सहकारी गंभीर आजारी असेल तर : वाचकांचे प्रश्न

कामाच्या ठिकाणी कुणाची तब्येत ढासळताना दिसते, काळजी वाटते, पण बोलावं की गप्प बसावं हे कळत नाही. पत्रांत हा एकच गोंधळ सारखा येतो, म्हणून काहींना इथे उत्तर देते.

प्रश्न : शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याची केमोथेरपी चालू आहे. आम्हाला काही धोका?

नाही. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. धोका झालाच तर तुमच्यामुळे त्याला होईल. केमोनंतर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा तुम्हाला सर्दी-खोकला असला तर लांब बसा. त्याला 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त ताप आला, तर तापाची गोळी देऊन संध्याकाळची वाट बघू नका. त्याच्या कॅन्सरतज्ज्ञांना लगेच फोन करायला लावा.

प्रश्न : फुप्फुसाचा टीबी झालेला एक जण उपचार सुरू करून परत आला आहे. त्याचे कप वेगळे ठेवावेत का?

नको. टीबी भांड्यांतून नाही, हवेतून पसरतो. औषधं लागू पडली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. कामावर कधी यायचं, हे त्याच्या डॉक्टरांना ठरवू द्या. मात्र निदानाआधी तुम्ही त्याच्यासोबत बंद खोलीत रोज बसत असाल, तर स्वतःची तपासणी करून घ्या.

प्रश्न : बावन्न वर्षांचे मधुमेही सहकारी गेले चार दिवस जिना चढताना मध्येच थांबतात, छातीवर मूठ दाबतात, घामाघूम होतात. ‘ॲसिडिटी आहे’ म्हणून गोळी चघळतात. झटका आला तर जोरजोरात खोकत राहावं, असा मेसेज आम्ही त्यांना पाठवला आहे. आणखी काय करावं?

मेसेज पुसून टाका आणि त्यांना आजच्या आज रुग्णालयात न्या. चार दिवस आधीच वाया गेले आहेत.

चढताना छाती भरून येते आणि थांबलं की उतरते, हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं लक्षण समजायचं. तसं नाही, हे तपासणीने सिद्ध होऊ द्या. हे नव्यानेच सुरू झालं असेल तर जास्तच घाई हवी. रुग्ण ‘दुखतंय’ असं म्हणतीलच असं नाही. ‘जड वाटतंय’, ‘आवळल्यासारखं होतंय’ म्हणतात आणि हात छातीवर जातो. मधुमेहात मज्जातंतूंना इजा झालेली असली तर वेदना जाणवतही नाही. नुसती धाप, घाम, मळमळ. गोळीने बरं वाटलं म्हणजे ॲसिडिटीच होती, हे मी रोज ऐकते आणि रोज खोडून काढते. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणूनही सुटका होत नाही. ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते.

बसल्या जागी असा त्रास सुरू झाला आणि काही मिनिटांत थांबला नाही, तर रुग्णवाहिका बोलवा. त्यांना जिना उतरायला लावू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. ॲस्पिरिन द्यायची का, हे रुग्णवाहिकेच्या फोनवरच विचारा, कारण ती काहींना चालत नाही. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की हृदयाचा स्नायू मरायला लागतो. अशा झटक्यात रुग्णालयात पोचल्यापासून 90 मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी आतून फुग्याने उघडणं) व्हावी, असं उद्दिष्ट असतं. आपण मात्र ‘मीटिंग संपू दे’, ‘घरच्यांना येऊ दे’ यातच त्याहून जास्त वेळ घालवतो.

राहिला खोकला. हृदय बंद पडलं की माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो, तो खोकणार कसा? आणि हृदय चालू असेल तर खोकून बंद रक्तवाहिनी उघडत नाही. माणूस कोसळला, नीट श्वास घेत नसला, तर रुग्णवाहिका बोलवा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्या. एईडी (विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करू पाहणारं यंत्र) असेल तर कुणाला तरी आणायला पिटाळा. हे प्रशिक्षण कामाच्या जागी प्रत्येकाने घ्यायला हवं.

प्रश्न : फिट आली तर दातांत चमचा घालावा का?

नाही. तोंडात काहीही घालू नका. आसपासच्या टणक वस्तू हलवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा पहिलीच असेल, तर रुग्णवाहिका.

प्रश्न : एका सहकाऱ्याला कॅन्सर निघाल्यावर कंपनी सगळ्यांसाठी ‘कॅन्सर मार्कर’चं पॅकेज घेते आहे. करावं का?

घाबरलेल्या माणसाला विकायला हे सोपं असतं, म्हणून विकतात. मार्कर म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ. निरोगी माणसात यातले बहुतेक मार्कर कॅन्सर शोधायला उपयोगी नाहीत. ते कॅन्सर नसताना वाढतात आणि असताना नॉर्मलही येतात. वय आणि घरातला इतिहास बघून कुठली तपासणी करायची, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : एक मैत्रीण काही महिन्यांत फार बारीक झाली आहे, विचारलं की विषय बदलते. साहेबांना सांगू का?

साहेबांना नको, तिलाच सांगा, आणि एकटीला गाठून. ‘तुला काय झालंय?’ असं विचारू नका. ‘कपडे सैल झालेत, दुपारी टेबलावर डोकं टेकून बसतेस, मला काळजी वाटते’ असं जे दिसलं तेवढंच बोला. विनाकारण सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा भाग उतरला, तर तपासणी हवीच. कारण थायरॉईडपासून नैराश्यापर्यंत काहीही असू शकतं, तेव्हा निदान तुम्ही करू नका. डॉक्टरांकडे सोबत येते म्हणा आणि दिवस तिथेच ठरवा. ती वाहन किंवा यंत्र चालवत असेल आणि चक्कर येत असेल, तर मात्र वरिष्ठांना सांगावंच लागेल. तेही आधी तिला सांगून.