विकलेली गाडी, स्वस्तातली गाडी आणि उभी गाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मी माझी हॅचबॅक जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला विकली. पैसे पूर्ण मिळाले आणि फॉर्म २९ व फॉर्म ३० (मालकी हस्तांतरणाचे अर्ज) यांवर मी सह्याही करून दिल्या. तरीही गेल्या तीन महिन्यांत वेगमर्यादा ओलांडल्याची चार ई-चलने माझ्याच मोबाइलवर आली आहेत. व्यापारी म्हणतो, ‘गाडी पुढे गेली, तुम्ही काळजी करू नका.’ (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काळजी करावी अशीच ही परिस्थिती आहे, आणि चलनाची रक्कम हा तिचा सर्वांत किरकोळ भाग आहे. आपण ज्या फॉर्मवर सह्या केल्या त्यांवर तारीख आणि खरेदीदाराचे नाव लिहिलेले होते का, हे पत्रात सांगितलेले नाही. बहुधा ते नसावे. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेण्याची या धंद्यात रीतच पडून गेली आहे, कारण गाडी मध्ये स्वतःच्या नावावर न घेता थेट शेवटच्या गिऱ्हाइकाच्या नावावर केली की व्यापाऱ्याचा एका हस्तांतरणाचा खर्च वाचतो आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मालकांची संख्याही एकानेच वाढते. ते शेवटचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत, किंवा मिळाल्यावरही त्याने आळस केला तर, गाडी आपल्याच नावावर फिरत राहते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत, परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. बहुतेक विक्रेते हे काम घेणाऱ्याचेच आहे असे समजून निर्धास्त राहतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात स्पष्ट केले की, अपघात घडला त्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली.

तेव्हा आजच परिवहनच्या अॅपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणी आणि विमा यांची सद्यःस्थिती पाहावी. नोंदणी अद्याप आपल्याच नावावर असल्यास विक्रीची पावती, पैसे मिळाल्याची बँकेतली नोंद आणि गाडी ताब्यात दिल्याचा कागद जोडून परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. व्यापाऱ्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवावी. तो दाद देत नसेल तर पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज देण्यास संकोच करू नये. एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्याला गाडी देताना फॉर्म २९-सी भरून तशी सूचना पोर्टलवर देण्याची सोय झालेली आहे. आपला व्यापारी अधिकृत असेल तर त्याने हे का केले नाही, असे त्याला नोटिशीतच विचारावे.

आणखी एक गोष्ट अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. गाडी आपल्या नावावर असेपर्यंत तिचा तृतीय पक्ष विमा खंडित होऊ देऊ नये. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी त्याचा वर्षाचा हप्ता करांव्यतिरिक्त ३,४१६ रुपये आहे. विकलेल्या गाडीसाठी पैसे का घालायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण अपघात दाव्यातली रक्कम लाखांत असते. ज्यांची विक्री अजून व्हायची आहे त्यांनी ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी, कारण चलनावर मिनिटापर्यंतची वेळ छापलेली असते आणि वाद बहुधा पहिल्याच दिवसाचा निघतो. फास्टॅगही त्याच संध्याकाळी बंद करावा.

प्रश्न : मला २०१८ सालची एक डिझेल सेदान बाजारभावापेक्षा सुमारे सव्वा लाख रुपयांनी स्वस्त मिळत आहे. मीटरवर ४८,००० किलोमीटर आहेत. गाडी आतून चकाचक असून तिला अत्तरासारखा वास येतो. मित्र म्हणतो, पुरातली गाडी असेल. कसे ओळखावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या मित्राचे नाक चांगले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला जे पाणी भरले त्यात असंख्य गाड्या बुडाल्या. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ (दुरुस्ती परवडणार नाही अशी) ठरवलेली गाडी अनेकदा भंगारात न जाता लिलावातून कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पोहोचते, तिथे धुतली-वाळवली जाते आणि जिथे कोणी तिला ओळखत नाही अशा दूरच्या गावी विकायला ठेवली जाते. स्वच्छ केलेली गाडी वाईटच असते असे नाही, पण सात वर्षे वापरलेल्या गाडीला नव्या गाडीसारखा चकचकीतपणा आणि वर अत्तर असेल, तर कोणता वास झाकला आहे हे पाहायलाच हवे.

गेल्या वर्षी एका परिचितासाठी मी अशीच एक गाडी पाहायला गेलो होतो. सीटकव्हर नवी, डॅशबोर्डवर पॉलिश, इंजिनही धुतलेले. मी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग काळाभोर होता. शेवटचा हातभर पट्टा, जो एरवी खांबाच्या आत गुंडाळलेला राहतो, त्यावर वाळलेल्या गाळाची फिकट, वेडीवाकडी रेघ होती. सीटबेल्ट बदलणे महाग पडते आणि तो एवढा ओढून कोण पाहतो, या भरवशावर त्याला कोणी हात लावला नव्हता. विकणाऱ्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि किमतीची बोलणी तिथेच संपली.

आपणही हेच करावे. त्यानंतर डिक्कीतली स्टेपनी बाहेर काढून तिच्याखालच्या खोलगट जागेत बोट फिरवावे, सीट पुढे सरकवून रुळांच्या बोल्टवर गंज आहे का ते पाहावे, आणि पायाखालच्या कारपेटची कड उचलून खालच्या फोमला हात लावावा. ओल किंवा रेती सापडली तर पुढे काही पाहायची गरज उरत नाही. डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे एखादे कपलर (तारांचा जोड) उघडून पिनांवर हिरवट थर आहे का, हे मेकॅनिकला दाखवावे. पाण्याने इंजिन बिघडले तर ते लगेच कळते आणि दुरुस्तही होते. पण वायरिंगच्या सांध्यांत शिरलेली ओल सहा-आठ महिन्यांनी काम दाखवते, आणि मग कधी पॉवर विंडो, कधी एबीएस, कधी सेन्सर असे एकामागून एक बिघाड सुरू होतात, ज्यांचे मूळ कोणालाच सापडत नाही. चावी ‘ऑन’ केल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझायला हवा. तो विझत नसेल तर दोष आहे. तो लागतच नसेल तर दोष लपवण्यासाठी दिव्याचीच सोय लावलेली आहे, आणि हा प्रकार अधिक वाईट.

मीटरविषयी थोडक्यात. ४८,००० किलोमीटर चाललेल्या गाडीला सहसा पहिलेच टायर असायला हवेत. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘२३१८’ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. चारही टायर २०२२ चे असतील तर पहिले एवढ्या लवकर का संपले, हे विचारावे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झालेले असेल किंवा मुद्दाम नवे बसवलेले असेल, तर मीटरवरचा आकडा खरा मानू नये.

आता सगळ्यांत उपयोगी कागद. मालक एकच असूनही गेल्या वर्षीच्या विमा पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य टक्के दिसत असेल, तर त्याआधीच्या वर्षी दावा झाला होता, किंवा विमा ९० दिवसांहून अधिक काळ खंडित होता; दोन्हींपैकी काय झाले हे मालकाला सांगता आले पाहिजे. पाच वर्षे दावा नसलेल्या गाडीवर हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे ‘बोनससकट गाडी देतो’ असे कोणी सांगितल्यास हसून सोडून द्यावे. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये. आणि गाडी पाहायला जाताना इंजिन गार ठेवायला सांगावे. आपण पोहोचल्यावर बॉनेट कोमट लागले, तर सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज आणि धूर आपल्यापासून लपवला गेला आहे असे समजावे.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने खरोखर फायदा होतो का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. पंधरा दिवसांतून एकदा, टायर गार असताना, दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे हवा तपासणाऱ्याला नायट्रोजनची गरज नाही. न तपासणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त असून गाडी महिन्यातून दोन-तीनदाच बाहेर निघते. मुलाच्या सांगण्यावरून मी दर रविवारी खाली जाऊन पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवतो. तरीही दोन वर्षांत दुसरी बॅटरी निकामी झाली. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपला रविवारचा नेम बॅटरीला वाचवत नसून हळूहळू मारतो आहे. सेल्फ मारताना बॅटरीतून क्षणभर प्रचंड विजेचा प्रवाह खेचला जातो. इंजिन नुसते संथ चालत असताना अल्टरनेटरकडून मिळणारी भर कमी असते, त्यातून वातानुकूलन आणि दिवे चालू असतील तर फारच कमी, आणि पाच मिनिटांत खर्चाची भरपाई पूर्ण होत नाही. त्याशिवाय उभ्या गाडीतही अलार्म, घड्याळ आणि संगणक थोडी वीज खातच असतात. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि पुढे ती चार्ज केली तरी पूर्ण भरत नाही.

एक साधा मल्टिमीटर घेऊन ठेवावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान आकडा दिसावा. तो तेवढा चढत नसेल तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये आहे, आणि मग तिसरी बॅटरीही अशीच बसेल.

रविवारी इंजिन सुरू करण्याऐवजी अर्धा तास घोडबंदर रस्त्याने चक्कर मारून यावे. तेवढ्यानेच इंजिनमधली ओल उडते, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज घासला जातो आणि टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. परगावी महिनाभर जायचे असेल तर बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. पावसाळ्यात सपाट जागी गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावणे चांगले, कारण ओलाव्याने मागचे ब्रेक चिकटून बसतात. आपण लिहिता की बॉनेटखाली उंदरांच्या लेंड्याही दिसतात. त्यासाठी डांबरगोळ्या आणि तंबाखूची पाने लोक ठेवतात, पण माझ्या पाहण्यात गाडी हलती ठेवण्याइतका गुण कशालाच नाही.

प्रश्न : बीएस ६ डिझेल एसयूव्ही घेऊन दीड वर्ष झाले. घर ते कार्यालय सहा किलोमीटर. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला आहे. एका गॅरेजवाल्याने ‘तो भागच काढून टाकू’ असे सुचवले. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तो भाग काढू नये. ते बेकायदा आहे आणि पुढे पीयूसी, वॉरंटी व विक्री या तिन्ही ठिकाणी अडचण येते. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल मोटारींत धुरातली काजळी अडवण्यासाठी ही जाळी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी जाळीचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते, आणि पुण्याच्या सिग्नलांवर थांबत सहा किलोमीटर गेलेली गाडी तिथपर्यंत पोहोचतच नाही. दिवा पिवळा असेपर्यंत गाडी द्रुतगती मार्गावर नेऊन, वरचा गिअर न टाकता इंजिन २००० आरपीएमच्या वर ठेवत, वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवावी आणि मध्ये बंद करू नये. इंजिनची ताकद कमी झाली असेल तर मात्र थेट सर्व्हिस सेंटर गाठावे.

आज घरी गेल्यावर एक काम करावे. इंजिन गार झाले की ऑइलची डिपस्टिक काढून पाहावी. काजळी जाळण्याचा प्रयत्न अर्ध्यावर तुटला की त्यासाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते. त्यामुळे पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली आणि ऑइल पातळ, डिझेलचा वास येणारे दिसले, तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ते बदलावे, आणि बदलताना पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचेच ऑइल घ्यावे. पुढची गाडी घेताना, रोजचे अंतर हेच राहणार असेल तर, पेट्रोल घ्यावी.