जर्मनीतलं 'इमात्रिकुलात्सिओन' आणि आपलं मॅट्रिक

जर्मन विद्यापीठाचं 'त्सूलासुंग' हातात पडलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. ते फक्त प्रवेश देऊ केल्याचं पत्र. विद्यार्थी म्हणून नोंद होते ती 'इमात्रिकुलात्सिओन' झाल्यावर, आणि त्याची मुदत चुकवून चालत नाही. बहुतेकांचं घोडं आरोग्य विम्यापाशी अडतं. विमा कंपनी तुझी माहिती थेट विद्यापीठाला ऑनलाइन कळवते, तेव्हा त्यांच्याकडे वेळेत अर्ज कर. सेमिस्टरचं शुल्कही लगेच भरून टाक.

शब्दाला बिचकू नकोस, तो आपल्या मॅट्रिकचा सख्खा भाऊ. लॅटिनमध्ये 'मात्रिकुला' म्हणजे नोंदवही. तिच्यात नाव चढलं की माणूस विद्यापीठाचा. मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक घेतली, तीही विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. महादेव गोविंद रानडे त्याच परीक्षेत उत्तीर्ण झाले. पुढे आपल्याकडे शाळा संपवणारी परीक्षा हाच अर्थ रुळला, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना हा फरक नीट समजावून सांग.

आणि हो, दर सेमिस्टरला पुन्हा नोंदणी करावी लागते, तिला 'र्‍युकमेल्डुंग' म्हणतात. शुल्क थकवलंस तर नाव कमी होऊ शकतं, आणि मग व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो.