पिच स्पर्धेत उतरण्यापूर्वी

गुहागरला बसून लिहिलेल्या इंग्रजी कादंबरीसाठी आपण समाजमाध्यमांवरील पिच स्पर्धांतून (ठरलेल्या दिवशी कादंबरीचा गाभा एका पोस्टमध्ये मांडायच्या स्पर्धा) एजंट, म्हणजे पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा मध्यस्थ, शोधू पाहत असाल, तर आधी कादंबरी पूर्ण करावी. कारण एजंटने दिलेला ‘लाइक’ हा करार नसून, त्याच्या नियमांनुसार परिचयपत्र व सुरुवातीची पाने पाठवण्याचे ते केवळ निमंत्रण असते. २०१२ साली सुरू झालेली ‘पिटमॅड’ ही अशीच स्पर्धा २०२२ मध्ये बंद झाली, म्हणून जुने लेख वाचून तयारी करू नये.

खरी कसोटी ‘एक्स’वरील (पूर्वीचे ट्विटर) पोस्टच्या २८० अक्षरांची. ‘ही समुद्र आणि माणसाच्या नात्याची कथा आहे’ असे मी पहिल्या खेपेस लिहिले होते, आणि त्याला लाइक दिला तो एकट्या माझ्या मावसभावाने (तोही द्यायचा नसतो, लाइक एजंटांसाठी राखीव असतो). त्याऐवजी ‘नारळी पौर्णिमेच्या आत बापाची गहाण होडी सोडवली नाही, तर सतरा वर्षांच्या मुलीला सावकाराच्याच ट्रॉलरवर राबावे लागेल’ असे लिहिले, की पात्र, मुदत आणि धोका एका दमात कळतात.

या स्पर्धा बहुधा न्यूयॉर्कच्या वेळेने सकाळी सुरू होतात; तिथले सकाळचे ८ म्हणजे उन्हाळी वेळेनुसार आपले संध्याकाळचे ५.३०, पावसाळ्यात वीज त्याच सुमारास जाते, तेव्हा पिच आधीच शेड्यूल करून ठेवावे. हस्तलिखित वाचण्याचे पैसे मागणाऱ्याला उत्तरही देऊ नये, कारण प्रामाणिक एजंट पुस्तक विकले गेल्यावरच, साधारण १५ टक्के कमिशन घेतो. मराठी हस्तलिखित मात्र थेट प्रकाशकाकडेच पाठवावे.