मुलीसाठी फुटबॉल क्लब बघताय? ट्रॉफ्या नंतर, आधी नववी-दहावीतल्या मुली मोजा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी बारा वर्षांची, सातवीत, शाळेच्या टीममध्ये मिडफिल्डला खेळते, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला. एक क्लब गंगापूर रोडच्या बाजूला, स्वतःचं टर्फ, हेड कोच नॅशनल खेळलेले, फी जवळजवळ दुप्पट. दुसरीकडे पंचवटीत एक सर मातीच्या ग्राउंडवर वीसेक पोरांना शिकवतात, त्यात सात-आठ मुली. कुठे घालू, आणि आपल्याला फुटबॉलमधलं काही कळत नसताना कोच चांगला की वाईट हे ओळखायचं कसं, असं विचारलंय तुम्ही. माझी मुलगी याच शहरात खेळून आता कॉलेजला गेली, मधे बरीच वर्षं मी टीमबरोबर मॅनेजर म्हणून फिरले, डबे, जन्मदाखले, रडारड सगळं सांभाळलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. क्लबांची नावं घेणार नाही, कारण कोच दर दोन वर्षांनी इकडून तिकडे जातात आणि आज लिहिलेलं उद्या खोटं ठरतं.

मोठ्या क्लबात गेलात की आधी ऑफिसातलं ट्रॉफ्यांचं कपाट दाखवतील. बघा, कौतुक करा, आणि मग एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे नववी-दहावीतल्या किती मुली रेग्युलर येतात? बारा वर्षांखालच्या ट्रॉफ्या बऱ्याचदा ज्या टीममध्ये दोन उंच, लवकर वाढलेल्या मुली असतात ती टीम नेते, एकीने मागून लांब मारायचा आणि दुसरीने पळायचं, त्यात कोचिंग किती हे देवच जाणे. पण नाशिकमध्ये मुलगी पंधराव्या वर्षीही ग्राउंडवर येत असेल तर त्यामागे कुणीतरी मेहनत घेतलेली असते. आठवी सुटली की क्लासेस सुरू होतात, पाळी सुरू झालेली असते, आजी म्हणते किती काळी पडलीस, बाबा म्हणतात साडेसातनंतर रिक्षाने नको, आणि बॅचमधल्या तीस मुलींच्या तीन होतात. क्लबवाले म्हणतील पालकच काढून घेतात हो. खरंय ते, काही अंशी. पण त्याच शहरात, तसेच पालक असताना, एखाद्या सरांकडे दहावीनंतर मुली परत येतात आणि एखाद्याकडे येत नाहीत, हा फरक पालकांचा नाही ना.

टिकवणारे काय करतात ते मी बघितलंय. दहावीच्या मुलींना आठवड्यातून दोनच दिवस बोलावतात, तेही सकाळी, आणि परीक्षा संपल्यावर फोन करून "कधी येतेस" विचारतात. ग्राउंडजवळ वापरता येईल असं टॉयलेट आहे की नाही याची काळजी करतात, हे ऐकायला किरकोळ वाटतं पण अर्ध्या मुली त्यापायी पाणी न पिता खेळतात. किटमधली शॉर्ट्स पांढरी आहे का तेही बघा. इंग्लंडच्या महिला टीमने २०२३ मध्ये पांढरी सोडून निळी घेतली ती पाळीचा डाग दिसेल या काळजीपायी, तर आपल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरींचं काय घेऊन बसलात. मी एका क्लबात हे सुचवलं तर उत्तर आलं, "मॅडम, किट प्रिंट होऊन आलंय." असो.

आता कोच. न सांगता जा, आणि प्रॅक्टिस सुरू व्हायच्या वेळेला नको, मधे कधीतरी जाऊन कोपऱ्यात बसा. फुटबॉल कळायची गरज नाही, फक्त एका मुलीवर नजर ठेवून दहा मिनिटांत तिचा पाय बॉलला किती वेळा लागतो ते मोजा. आठ मुली रांगेत, एक बॉल, प्रत्येकीने येऊन गोलवर मारायचा आणि परत रांगेच्या शेवटी, सर कमरेवर हात ठेवून शिट्टी वाजवतायत, असं दिसलं तर टर्फ कितीही हिरवंगार असू दे, मुलगी तिथे मुख्यतः उभं राहायला शिकणार. छोट्या जागेत तीन-तीन, चार-चार जणींच्या मॅच लावलेल्या, सगळ्यांना धाप लागलेली, सर मधेच थांबवून "आत्ता कुणाकडे जागा होती?" असं विचारतायत, तर बसा अजून थोडा वेळ. पंचवटीवाल्या सरांकडे मुली कमी म्हणून मुलांबरोबर खेळवतात असं तुम्ही लिहिलंय, ते या वयात वाईट नाही, उलट चांगलंच. फक्त मुलं त्यांना पास देतात का, की मुलींना कायम मागे नाहीतर गोलमध्ये उभं करतात, हे बघा.

मॅचच्या दिवशी कोच उघडा पडतो. शाळांच्या जिल्हा स्पर्धा, सुब्रोतो कप या शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या राउंड वगैरे बहुतेक भर पावसाळ्यात येतात आणि आपल्याकडची काळी माती, म्हणजे ग्राउंड कसलं, चिखलच. अशाच एका मॅचमध्ये डिफेन्सच्या मुलीने गोलकीपरला बॅकपास दिला, बॉल मधेच साचलेल्या पाण्यात थांबला आणि समोरच्या मुलीने येऊन आरामात आत ढकलला. सर ओरडले नाहीत. ती साइडलाइनजवळ थ्रो घ्यायला आली तेव्हा एवढंच म्हणाले, "तिथे पाणी आहे, खालून नको, उचलून मार," आणि तिला आतच ठेवलं. त्यानंतर त्याच डबक्याजवळ परत बॉल आला तर तिने तो उचलून थेट बाहेर काढला. पुढच्या मॅचला दुसऱ्या शाळेच्या सरांनी तसल्याच चुकीवर मुलीला लगेच बाहेर घेतलं, ती राहिलेला सगळा वेळ ओल्या जर्सीत बेंचच्या टोकाला बसून होती, कुणी टॉवेल दिला नाही, सर तिच्याकडे बघेचनात. ट्रॉफी त्या दुसऱ्या शाळेने नेली. म्हणून म्हणते, कपाट नंतर बघा.

"नॅशनल खेळलेले" याला फार भाळू नका. शालेय नॅशनल, युनिव्हर्सिटी, संतोष ट्रॉफी, सगळ्याला लोक नॅशनलच म्हणतात, आणि स्वतः भारी खेळणं वेगळं, बारा वर्षांच्या मुलीला शिकवणं वेगळं. लायसन्स विचारा, त्यात लाजायचं काही नाही. एआयएफएफ, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनचं ई सर्टिफिकेट सगळ्यात खालचं, मग डी, सी, बी, ए आणि वर प्रो. या वयाला डी किंवा सी असलेला, मुलींबरोबर काम केलेला कोच मिळाला तरी पुष्कळ. पण खरा प्रश्न पुढचा आहे: मुलींच्या बॅचला रोज उभं कोण असतं? पोस्टरवर एक चेहरा आणि ग्राउंडवर कॉलेजचा कुणीतरी मुलगा कानात इअरफोन घालून, हा प्रकार मोठ्या क्लबांत जास्त. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला, फायनल तर नवी मुंबईला, त्यानंतर जिकडेतिकडे "गर्ल्स बॅच" असे फ्लेक्स लागले. फ्लेक्स लावायला पैसे लागतात, मुलींचा कोच तयार करायला वर्षं लागतात.

गुडघ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. वयात येताना मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि बहुतेक वेळा कुणी धक्काही दिलेला नसतो, उडी मारून उतरताना किंवा झटकन वळताना गुडघा आत जातो आणि संपलं, ऑपरेशन, नऊ-दहा महिने घरी. यावर फिफाचं ११+ नावाचं वीस मिनिटांचं वॉर्मअप फुकट उपलब्ध आहे, पळणं, एका पायावर तोल, प्लँक, उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या १२५ क्लबांवर त्याचा अभ्यास झाला होता, २००८ मध्ये छापून आला, दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. तर कोचला विचारा, "सर, ११+ करता का?" नाव माहीत नसलं तरी चालेल, पण वॉर्मअप म्हणजे ग्राउंडला दोन चकरा आणि लगेच मॅच, असं असेल तर मला तिथे माझी मुलगी नको.

सर्टिफिकेटचा बाजार पण सांगून ठेवते. दहावीला ग्रेस मार्क असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून कुठलीतरी तिसरीच फेडरेशन गोव्याला नाहीतर नेपाळला "ओपन नॅशनल", "इंटरनॅशनल" भरवते, माणशी इतके हजार भरा, मेडल आणि कागद घेऊन या. पुढे तो कागद क्रीडा विभागाच्या पडताळणीत टिकत नाही. शाळेकडून असेल तर क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या स्पर्धा, क्लबकडून असेल तर जिल्हा असोसिएशन, वर विफा म्हणजे राज्याची फुटबॉल संघटना, त्याच्या वर एआयएफएफ, या साखळीत स्पर्धा बसते का तेवढं विचारा. आणि एखादे सर म्हणाले की दाखल्यावर वय जरा कमी करून घेऊ, एक वर्ष जास्त खेळेल, तर चप्पल घाला आणि निघा. पुढे हाडांवरून वय काढायच्या बोन टेस्ट होतात, आणि बंदी आली तर भोगायचं मुलीने.

सुरक्षिततेचं लोक विचारायला लाजतात. अहो, त्याच २०२२ मध्ये वर्ल्ड कपच्या आधी, युरोप दौऱ्यावर असताना, आपल्या सतरा वर्षांखालच्या टीमच्या असिस्टंट कोचला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावून काढून टाकलं होतं. देशाच्या टीममध्ये होतं तर गल्लीत होणार नाही असं कसं मानायचं. बाहेरगावी मुलींबरोबर बाई कोण असते, तिचं नाव काय, मुक्काम कुठे असतो, एवढं सरळ विचारा. मेसेज फक्त ग्रुपवर, त्यात पालक असलेच पाहिजेत, रात्री दहाला कोचने मुलीला वेगळा मेसेज करायचं कारण नाही. चांगल्या कोचला या प्रश्नांचा राग येत नाही, तो बऱ्याचदा आधीच सांगतो. कधी काही खटकलं तर क्लबने "आपसात मिटवू" म्हटलं तरी ऐकू नका, पोक्सो कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालतो.

पैशाचं थोडक्यात. वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत देत असले तरी, आधी महिनाभर घाला. सीआरएसवर, म्हणजे एआयएफएफच्या खेळाडू-नोंदणीच्या ऑनलाइन सिस्टीमवर, मुलीची नोंद कुठल्या क्लबकडून करताय हे सही करण्याआधी समजून घ्या, कारण एकदा नोंद झाली की दुसरीकडून खेळायला ट्रान्सफर करावी लागते आणि काही क्लब तिथे अडवून धरतात.

मला विचाराल तर, तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून, मी आधी पंचवटीत एक महिना बघेन. इंदिरानगरहून द्वारका ओलांडून संध्याकाळी जाणं म्हणजे वैताग आहे, मान्य, पण सात-आठ मुली तिथे टिकल्यात, त्यात दोन मोठ्या आहेत असं तुम्हीच म्हणताय, ते मला टर्फपेक्षा मोठं वाटतं. फक्त त्यांना वर्षात मुलींच्या किती मॅच मिळतात ते विचारा, नुसती प्रॅक्टिस करून मुलगी कंटाळेल. उत्तर समाधानकारक नसेल तर गंगापूर रोडला जा, पण तिथे मुलींच्या बॅचचा रोजचा कोच कोण ते बघूनच. आणि मुलीला ग्राउंडवरून घरी येताना "कसं वाटलं" विचारू नका, "आज कुणाशी ओळख झाली" विचारा, बाकीचं ती आपोआप बोलते.

हो, बुटांचं राहिलंच. टर्फवर छोटे रबरी दाणे असलेले टर्फ शूज, मातीवर नेहमीचे स्टड्स. दोन्हीकडे महिना महिना बघायचं ठरवलंत तर आधी टर्फ शूज घ्या, ते कोरड्या मातीवरही चालून जातात, स्टड्स पाऊस लागेपर्यंत थांबू शकतात. महागाचे घेऊ नका, या वयात सहा महिन्यांत पाय वाढतो.