पाच तारे आणि शून्य तारे

प्रिय,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. म्हटलं, आधी तुमच्या बँडची रेकॉर्ड ऐकू, मग लिहू. तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा हेडफोन लावून, कारण दुसऱ्या खेपेला चौथ्या तुकड्यात बास कुठे गायब झाला ते मला कळेना. (गायब नाही, मिक्समध्ये बुडालाय. त्याचं पुढे बोलू.)

सोबत तू तिची दोन्ही परीक्षणं पाठवलीस. एक वाचून तुझा ड्रमर नाचला असेल. दुसऱ्यात म्हटलंय की पाच जण आपापल्या घरी रियाज करतायत आणि मधल्या भिंती तेवढ्या कुणीतरी काढून टाकल्यात. रागावू नकोस, पण मला हसू आलं. वाक्य चांगलं आहे. त्याला तू दीड पानी उत्तर लिहिलंयस. ते पाठवू नकोस. का, हे सांगायला जरा लांबून यावं लागेल.

जानेवारी १९६२. अमेरिकेतल्या ‘डाउन बीट’ या जॅझच्या मासिकाने एकाच रेकॉर्डची दोन परीक्षणं एकाच अंकात छापली. रेकॉर्ड सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनची, नाव ‘फ्री जॅझ’. पीट वेल्डिंगने पाचपैकी पाच तारे दिले. जॉन टायननने एकही दिला नाही. ही गोष्ट तू कुठेतरी वाचली असशील. ती नेहमी एवढ्यावरच थांबते: बघा, समीक्षकांना काही कळत नाही. मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. टायननने लिहिलं की सामूहिक उपज वगैरे सगळं झूट. हे आठ विध्वंसक एका स्टुडिओत एकत्र जमले, एवढीच काय ती सामूहिकता, आणि जमले तेही ज्या संगीतातून आपण जन्मलो त्याचाच नाश करायला. वेल्डिंगचं म्हणणं, यात परंपरा मोडलेलीच नाही. मोठे स्विंग ऑर्केस्ट्रा आल्यापासून जॅझमधून जी हरवली होती ती सगळ्यांनी मिळून करायची उपज इथे परत आलीय. नीट बघ, दोघांचं बोट एकाच जागी आहे. आठ जण एकदम वाजवतायत हे दोघांनीही ऐकलं. एकाला तो गोंगाट वाटला, दुसऱ्याला न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझची आठवण झाली.

आता तुझी दोन परीक्षणं परत काढ. ‘ताजं’, ‘कंटाळवाणं’, ‘धाडसी’, ‘अपरिपक्व’ या शब्दांवर पेन्सिलीने काट मार. उरतं काय? दोघांनीही लिहिलंय की चौथा तुकडा लांबतो तेव्हा कुणामागे जायचं ते समजत नाही. कौतुक करणाऱ्याने त्याला ‘मुक्त’ म्हटलंय, दुसऱ्याने भिंतींचा विनोद केलाय. पण ऐकलंय दोघांनी तेच. आणि खरं सांगू का, मीही तेच ऐकलं.

‘फ्री जॅझ’ नावाने मोकाट वाटते, पण तिची बांधणी बघ. दोन चौकड्या. डाव्या कानात सॅक्सोफोनवर ऑर्नेट, ट्रम्पेटवर डॉन चेरी, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स. उजव्या कानात एरिक डॉल्फी बास क्लॅरिनेटवर, फ्रेडी हबर्ड ट्रम्पेटवर, चार्ली हेडन बासवर आणि एड ब्लॅकवेल ड्रम्सवर. स्टिरिओ तेव्हा नवीन होतं आणि त्याचा असा उपयोग केलेला. कोण कुठे आहे ते ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात समजतं. मग एकेकाची पाळी: डॉल्फी, हबर्ड, ऑर्नेट, चेरी, मग दोन बास, मग दोन ड्रम्स. दोन पाळ्यांच्या मध्ये आधी ठरवलेला छोटा तुकडा सगळे मिळून वाजवतात, म्हणजे ऐकणाऱ्याला पाय टेकायला जागा. एकाची पाळी चालू असताना बाकीचे मागून टोकतात, दाद देतात, भांडतात, पण पाळी कुणाची आहे याबद्दल शंका राहत नाही. सुमारे ३७ मिनिटं हे चालतं, २१ डिसेंबर १९६० या एकाच दिवशी वाजवलेलं. रेकॉर्डची बाजू उलटावी लागते म्हणून मध्ये तोडलंय तेवढंच.

आपल्याकडे दिंडी बाहेरून नुसता टाळांचा कल्लोळ वाटते. आत शिरलं की कळतं, चोपदाराची काठी वर गेली की सगळं गप्प होतं. तुमच्या चौथ्या तुकड्यात चोपदार नाही. चौदा मिनिटांत एकही खूण नाही. आणि बास नेमका तिथेच बुडालाय, म्हणजे जो धरून ठेवू शकला असता तोही ऐकू येत नाही. मला वाटतं भिंतींचा विनोद सुचला तो तिथेच.

ऑर्नेट इथे एका उडीत पोचलेला नव्हता, हेही लक्षात घे. लॉस एंजेलिसमध्ये तो लिफ्ट चालवायची नोकरी करायचा आणि संगीतशास्त्राची पुस्तकं वाचायचा. पितळी सॅक्सोफोन परवडेना म्हणून १९५४ मध्ये त्याने पांढऱ्या प्लॅस्टिकचा घेतला. लोकांना ते खेळणंच वाटलं. पहिली रेकॉर्ड १९५८ ची, नाव ‘समथिंग एल्स’, पुढे चार उद्गारचिन्हं. (चार! तुमच्या रेकॉर्डच्या नावातल्या तीन टिंबांना मी त्यामुळेच काही बोलत नाही.) गंमत म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या लेस्टर कोनिगकडे तो गेला तो वादक म्हणून नव्हे, चाली विकायला. त्या रेकॉर्डवर नऊ चाली आहेत, सगळ्या त्याच्याच. सोबत पियानो आहे, मापात बसणारे ब्लूज आहेत. तिने फार मोठं वादळ उठलं नाही. पुढे त्याने पियानो काढून टाकला. पियानोचे सूर पक्के, कॉर्डही पक्के. त्याला स्वर हवा तसा थोडा चढा, थोडा उतरता लावायचा होता. हार्मोनियमवर मींड येत नाही म्हणून आपल्याकडे जो वाद झाला, त्याच घराण्यातला हा प्रश्न.

वादळ उठलं नोव्हेंबर १९५९ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या जॅझ क्लबमध्ये. दोन आठवड्यांचं बोलावणं दहा आठवडे लांबलं. ऑर्केस्ट्रा चालवणारा लिओनार्ड बर्नस्टाइन भारावून गेला. ट्रम्पेटवाल्या रॉय एल्ड्रिजला वाटलं, हा पोरगा लोकांना गंडवतोय. एल्ड्रिजचा कान कच्चा नव्हता गं. उलट फार तयार होता. तयार कानाला जे ऐकायची सवय असते ते मिळालं नाही की तो आधी बिचकतो. बेसूर म्हणणाऱ्या सगळ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, खरं नाही.

२००७ मध्ये ऑर्नेटला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं हे सांगून तुला धीर देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. शून्य तारे मिळालेल्या हजारो रेकॉर्ड्स खरोखरच वाईट होत्या आणि त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. टीका झाली म्हणजे आपण काळाच्या पुढे आहोत, हा समज मी चाळीस वर्षांत जितक्यांचा पाहिला त्यातले बहुतेक नुसतेच तालाच्या मागे होते.

आता माझी एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नव्हती. मी एका दैनिकात परीक्षणं लिहीत असे तेव्हाची. एका सतार आणि सॅक्सोफोनच्या कार्यक्रमावर मी चांगलीच तलवार चालवली होती. ‘एकमेकांचं न ऐकणारे दोन पाहुणे’ असं काहीतरी लिहिलं. मजकूर साडेदहाला जायचा असे, म्हणून मी मध्यंतरातच उठलो होतो. उत्तरार्धात ते दोघे एकाच स्वरावर पंधरा मिनिटं थांबले आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली, हे मला दुसऱ्या दिवशी तानपुऱ्यावर बसलेल्या मुलाने सांगितलं. तो रागावला नव्हता. ‘तुम्ही गेलात हो’, एवढंच म्हणाला. मी दुरुस्ती छापली नाही. पण त्यानंतर शेवटाआधी उठलो नाही. त्याने जर संपादकाला दीड पानी पत्र पाठवलं असतं, तर मी तीन पानी उत्तर लिहिलं असतं आणि स्वतःचं बरोबर आहे यावर माझा कायमचा विश्वास बसला असता.

म्हणून तो मसुदा राहू दे. त्यातला दुसरा परिच्छेद मात्र फाडू नकोस. तिथे तू लिहिलंयस की चौथ्या तुकड्यात बासवरची चार स्वरांची ओळ प्रत्येक वेळी परत येते आणि सगळे तिच्याकडे वळतात. मग ती ऐकू का येत नाही? तुला ती ठाऊक आहे म्हणून मिक्स करताना तुझ्या कानाने ती भरून घेतली. ज्याला ठाऊक नाही अशा कुणाला तरी शेजारी बसवायला हवं होतं. पुढच्या वेळी मला बोलाव. मला आता उजव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे बुडालेलं लगेच लक्षात येतं.

आणखी एक. ‘फ्री जॅझ’च्या त्याच दिवशी आधी एक सतरा मिनिटांचा टेक, म्हणजे तोच तुकडा एकदा वाजवून रेकॉर्ड केलेला, झाला होता. तो १९७१ मध्ये बाहेर आला. मी दोन्ही एकामागून एक ऐकतो तेव्हा आधीच्यात ते अजून एकमेकांना चाचपतायत असं वाटतं. तुमचाही असा एखादा टेक असणार, जो तुम्ही टाकून दिलात. पेनड्राइव्हवर घेऊन रविवारी ये. चारनंतर ये, दुपारी काकू झोपते. आणि बासवाल्यालाही आण. त्याला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

तुझा,
काका