'शाश्वत विकास' मधला 'शाश्वत' नेमका कोणता?

कोथरूडहून एका वाचकांनी विचारलं आहे: "शाश्वत म्हणजे कधीच नाश न पावणारं. गीता आत्म्याला शाश्वत म्हणते. मग विकास शाश्वत कसा? टेकडीच्या पायथ्याशी उठणाऱ्या इमारतींच्या जाहिरातीतही आता हाच शब्द दिसतो. 'सस्टेनेबल'ला सरळ 'टिकाऊ' का म्हणू नये?"

संस्कृतातला अर्थ तुम्ही म्हणता तोच. 'शश्वत्' म्हणजे नेहमी, त्यावरून 'शाश्वत'. पण मराठीत आल्यावर या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. "यंदा पावसाची शाश्वती नाही" असं शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमरत्व नसतं, भरवसा असतो. 'शाश्वत सिंचन' म्हणजे हक्काचं पाणी, 'शाश्वत उत्पन्न' म्हणजे खात्रीचं उत्पन्न. माझ्या मते 'शाश्वत विकास' याच अर्थाने वाचावा: ज्याच्या आधाराची पुढच्यांनाही शाश्वती आहे, असा विकास.

मूळ कल्पनाही अशीच आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरता पुरेना. तिथल्या खाण खात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी १७१३ साली वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. जंगल जेवढं पुन्हा वाढतं तेवढंच तोडा, म्हणजे लाकडाचा पुरवठा तुटणार नाही, हे त्याचं सार. जपायचं होतं ते जंगल. तोड वर्षागणिक वाढत राहावी, असं त्यात कुठेच नव्हतं.

पुढे १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची परिषद भरली. गरिबी आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषकं नाहीत का, असा प्रश्न इंदिरा गांधींनी तिथे विचारला आणि निसर्गरक्षणाच्या चर्चेत पोटाचा प्रश्न आला. १९८० च्या जागतिक संवर्धन धोरणात 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट' हे शब्द ठळकपणे आले. १९८७ मध्ये नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने व्याख्या दिली: भावी पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील, ती क्षमता न घटवता आजच्या गरजा भागवणारा विकास.

ही व्याख्या सगळीकडे उद्धृत होते, पण तिच्या लगेच पुढची ओळ बहुतेक वेळा गळते. आयोगाने तिथे दोन गोष्टी सांगितल्या आहेत. गरजा म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या गरजा, त्यांना अग्रक्रम. आणि दुसरी गोष्ट मर्यादा: आपलं तंत्रज्ञान आणि समाजव्यवस्था यांमुळे आजच्या आणि उद्याच्या गरजा भागवण्याच्या पर्यावरणाच्या क्षमतेवर पडणाऱ्या मर्यादा. या दोन्ही गाळल्या की 'शाश्वत' हे नुसतं शोभेचं विशेषण उरतं, आणि तुम्हाला खटकतं ते हेच.

पुणेकरांना हे समजायला लांब जायला नको. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचा मिळून साठा सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. शहराचं पिण्याचं पाणी त्यातूनच, आणि दौंड-इंदापूरच्या शेतीचं आवर्तनही त्यातूनच. शहर वाढेल तशी ओढाताण वाढते. शहराच्या पुढच्या पिढीला पाणी राखताना कालव्याच्या शेपटाकडचा आजचा शेतकरी कोरडा राहिला, तर ब्रुंटलँड आयोगाच्या अर्थाने तो शाश्वत विकास नव्हे.

नंतरचा इतिहास परिचयाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या रिओ परिषदेने ही कल्पना जगभरच्या सरकारांच्या कागदावर आणली. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या कातडी कमावणाऱ्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्वही मान्य केलं. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंतची १७ ध्येये ठरवली. मराठीत ती 'शाश्वत विकास ध्येये' म्हणून रुळली आहेत.

आता 'टिकाऊ'बद्दल. फ्रेंचांनी जवळपास हाच शब्द घेतला आहे. मराठीत मात्र चप्पल टिकाऊ असते, कापड टिकाऊ असतं. म्हणजे टिकते ती वस्तू. इथे टिकायला हवा वस्तूखालचा आधार. हिंदीतला 'सतत विकास' मला त्याहून अडचणीचा वाटतो, कारण त्यातून विकास थांबूच नये असं ऐकू येतं. 'धारणाक्षम विकास' अर्थाला सर्वांत जवळचा. काही अभ्यासक तो वापरतात आणि मला तो मनापासून आवडतो, पण बोलण्यात तो उतरलेला नाही.

तेव्हा ध्येयांचं नाव म्हणून 'शाश्वत विकास' राहू द्यावा. इतर ठिकाणी 'सस्टेनेबल' दिसलं की आधी 'झेपणे' आणि 'पुरणे' ही क्रियापदं लावून पाहावीत. भूजलाला झेपेल एवढा उपसा. राज्याला झेपेल एवढं कर्ज. पुढच्या हंगामाला मासळी पुरेल अशी मासेमारी. आणि इमारतीच्या जाहिरातीत 'शाश्वत' दिसलं, तर ती इमारत कशाला झेपणार आहे, टेकडीला, ओढ्याला की भूजलाला, हे विक्री कार्यालयात जाऊन जरूर विचारा.