वाचकांचे प्रश्न : सिस्टर टिकत का नाहीत?

प्रश्न : आमचं ६० खाटांचं खासगी रुग्णालय. यंदा पगार वाढवले, परिचारिका दिनाला सत्कारही केले, तरी सहा-आठ महिन्यांत सिस्टर राजीनामा देतात. माझ्या हातात काय आहे?
– इन्चार्ज सिस्टर, सांगली

उत्तर : शाल-श्रीफळ राहू द्या, आधी मागच्या तीन महिन्यांची ड्युटी लिस्ट काढा. नाईट करून सकाळी आठला सुटलेल्या सिस्टरच्या नावापुढे त्याच तारखेला ‘ऑफ’ लिहिलाय का, ते बघा. त्या तारखेचे आठ तास तिने वॉर्डातच काढलेत, उरलेला दिवस झोपेत जातो. याला ऑफ कसं म्हणायचं? सलग सात नाईट, रात्री ८ ते सकाळी ८, म्हणजे ८४ तास. तीन-चारच्या वर सलग नाईट लावू नका, नंतर दोन रात्री घरी मिळू द्या. लिस्ट पंधरा दिवस आधी लावा.

माणसं कुठून आणू म्हणाल, तर हिशेब मांडा. एक जागा चोवीस तास भरायची तर आठवड्याचे १६८ तास. एक सिस्टर ४८ तास देते. म्हणजे साडेतीन जणी, तेही कुणी आजारी पडलं नाही तर. रजा धरून चारच्या वर. व्यवस्थापन मात्र पाळ्या तीन म्हणून जणीही तीनच धरतं आणि तुटीचे तास त्यांच्या ऑफमधून वसूल होतात.

ओव्हरचंही, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवण्याचंही तसंच. आठची ड्युटी पावणेनऊला सुटते, कारण दर पाळीला क्रॅश कार्टमधलं, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीतलं, इंजेक्शनचं एकेक अँप्यूल मोजतात. कार्टला नंबरचं प्लास्टिक सील लावा. सील शाबूत असेल तर फक्त नंबर नोंदवायचा. तुटलं की सामान भरून नवं सील. महिन्यातून एकदा सगळं उघडून मुदती तपासा. हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर मात्र रोज तपासायचा, आणि मॉर्फिन-फेंटानिलसारखी अमली वेदनाशामकं कुलपात, दर ओव्हरला दोघींनी मोजूनच.

शेवटचं, ट्रॉलीला आठवडाभर एक कागद अडकवा. औषधं परत करणं, बिलाचे फोन, मेडिक्लेमच्या झेरॉक्स, सॅम्पल घेऊन लॅबला पळणं : प्रत्येक वेळी एक रेघ. ‘काम फार आहे’ हे मेट्रनबाईंनी हजारदा ऐकलंय, रेघा त्यांना मोजता येतील. वॉर्डाला एक क्लार्क मागायला तेवढा कागद पुरे.

प्रश्न : खासगीत पगार किती मागावा?
– स्टाफ नर्स, नाशिक

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली ती अशी : २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका, १०० हून जास्त असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांपर्यंत कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० च्या खाली नाही. ही शिफारस आहे, अंमल राज्यावर सोडलेला. म्हणून मुलाखतीत खाटा किती ते विचारा, तो आकडा डोक्यात ठेवून बोला. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं दाखवा, पण जमा करू नका. जमा करायच्या त्या झेरॉक्स.